दोन पुरुष पाणी

अल्मेरे, रविवार

प्रिय बाळ्या,

गणपतीत तुझा फोन आला, ‘दादाचे विधी करून टाकू का आता?’ असं विचारलंस, आणि मी टीव्हीवरची नजर न काढता ‘टाक की, किती वर्षं ठेवणार’ म्हणून मोकळा झालो. त्यानंतर फोन केला नाही. वेळ नव्हता असं लिहिणार होतो, पण लेकीकडे मला वेळाशिवाय दुसरं आहे काय? गुडघे कुरकुरतात, साखर बरी आहे.

काल जावयाच्या डच शेजाऱ्याबरोबर मार्करमेरच्या बांधावर गेलो. हे तळं म्हणजे आपल्या हिशेबी समुद्रच, पण खोली सरासरी तीन-चार मीटर. दोन पुरुष पाणी! ह्या एवढ्याशा पाण्यात इंग्रजांचं चार इंजिनांचं स्टर्लिंग बॉम्बफेकी विमान सत्त्याहत्तर वर्षं पडून होतं. २९ मार्च १९४३ ला रात्री डाउनहम मार्केटहून बर्लिनवर गेलं, ते परतलंच नाही. आत सात जण. इंग्लंडात रनीमीडला अशा कबर नसलेल्या वैमानिकांच्या नावांच्या भिंती आहेत, वीस हजारांवर नावं. त्यांत हे सातही.

२००८ मध्ये नांगराला अडकून एक तुकडा वर आला. आधी ते दुसरंच विमान समजत होते, बीके ७१०. मग एक सिगारेटची डबी सापडली, सातांतल्या एकाची आद्याक्षरं असलेली. त्यावरून कळलं की हे बीके ७१६. २०२० मध्ये काढलं. काढलं म्हणजे विमान उचललं असं नाही रे, चिखलासकट ओरबाडून काठावर आणलं आणि तो चिखल चाळत बसले, हाडांच्या तुकड्यांसाठी. आत माणसं असतील अशी ३० ते ५० विमानं काढायची इथल्या सरकारने ठरवलीत. मला आपल्या जेटीवरचा दिवा आठवला. असो.

डबी म्हटल्यावर माझं पुढचं ऐकणं संपलं.

दादाची चुन्याची डबी आठवते? पितळेची, दोन झाकणांची. त्याच्यावर मी कर्कटकाने ‘र’ कोरला होता, तोही मुडदुशाच्या पोरासारखा वाकडा, आणि दादाने माझ्या कानाखाली वाजवली होती. तू म्हणायचास अक्षर तुझं होतं. नव्हतं. कॅरमच्या राणीबद्दल खोटं बोललो असेन, ह्याबद्दल नाही. त्या रात्री लाँचवर जातानाही ती त्याच्या कनवटीला होती. मी बघितली, चुना मागितला, त्याने दिला नाही.

आणि तुझ्या ओटीवर काकींसमोर मी अक्कल पाजळली होती ते आठवतं ना? बारा वर्षं झाली, दर्भाचा पुतळा करा, विधी करा, ताट वाढत बसून माणूस येतो का? काकी काही बोलल्या नाहीत. आमटीत मीठ जास्त झालंय का एवढंच विचारलंन. तू मात्र मला पायरीपर्यंत ढकलत नेलंस आणि पुढे वर्षभर बोलला नाहीस. बरोबर केलंस. तेव्हा सांगायला जीभ वळली नाही.

आता काकी नाहीत, ताट वाढणारं कोणी नाही, म्हणून तू विचारलंस, आणि मी पुन्हा तेच. इथे सात घरांतल्या आया वाट बघूनच गेल्या असणार, त्यांना काय मिळालं? म्हणजे तू करावंस हेच बरोबर. मग बांधावर उभं राहून माझ्या पोटात का कालवलं? हर्णैचा समुद्र काही दोन पुरुष नाही, तिथे कोणाचा नांगर अडकणार, हे मलाही कळतं. तरी कालपासून तीच डबी डोळ्यांपुढे. एकदा वाटतं तुला लगेच फोन करावा, एकदा वाटतं कशाला.

वहिनींचा मोतीबिंदू झाला का? पोराच्या दुकानाचं लिही सविस्तर. आंब्याला मोहोर?

मी मार्चमध्ये येतोय. करायचं तर कर, पण मी आल्यावर. पुतळ्यासोबत डबी ठेवायची असेल तर दापोलीत पितळेची बघून ठेव, कोरी. ‘र’ मी कोरतो.

तुझा,
पक्या