दिव्यांग युवक-युवतींच्या प्रशिक्षण केंद्राला जागा हवी, हात हवेत : जाहीर आवाहन

बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि आसपासच्या गावांतील समस्त मराठी बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

हे प्रशिक्षण केंद्र चालवणाऱ्या आपल्या मंडळाची ओळख नव्याने करून द्यायची गरज नाही. ज्या घरात दिव्यांग मूल आहे त्या घराला आपले केंद्र माहीत आहे, आणि ज्यांच्या घरात नाही त्यांनीही कधी ना कधी पावती फाडलेली आहे. यंदा मात्र नेहमीच्या वार्षिक वर्गणीचे हे पत्रक नाही. केंद्राची सध्याची जागा दिवाळीनंतर सोडावी लागणार आहे. मालकांच्या मुलाला तिथे स्वतःचा व्यवसाय सुरू करायचा आहे आणि तो त्यांचा हक्कच आहे. इतकी वर्षे त्यांनी भाडे जवळजवळ वाढवले नाही, पावसाळ्यात छत गळले तर स्वतः वर चढून कौले सारखी केली, मुलांच्या चहाला घरून दूध पाठवले. त्यांच्याविषयी आमच्या मनात फक्त कृतज्ञता आहे.

सुरुवातीचे दिवस आठवणारे आता थोडे उरले, म्हणून हे लिहून ठेवतो. पहिली खोली शहापूरच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी दिली, स्वतःच्या घराची पुढची पडवी. भाडे विचारले तर म्हणाल्या, ‘रोज एक मूल तरी येऊ दे, तेच माझे भाडे.’ पहिली दोन शिलाई मशीन वडगावच्या विणकर मंडळींनी दिली, तीही मागाचा धंदा मंदीत असताना. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीवाल्या शेठजींनी लोखंडी कपाट आणि बाके करून दिली, नाव घालू का विचारले तर रागावले. निपाणीच्या विडी कामगार भगिनींनी पगारातून काढून ठेवलेली वर्गणी रुमालात बांधून आणून दिली होती, ती नाणी मोजताना आमच्या तत्कालीन खजिनदारांच्या डोळ्यांत पाणी आले होते. येळ्ळूर, उचगाव, कंग्राळीच्या युवक मंडळांनी गणेशोत्सवाच्या शिल्लक रकमेतून दिले. एका सोसायटीने सभासदांच्या लाभांशाच्या वेळी आमच्यासाठी डबा ठेवला. सगळ्यांची नावे कार्यालयाच्या फळ्यावर आहेत. नव्या जागेत सर्वांत आधी तो फळा लागेल.

त्या काळी आपली जुनी मंडळी कोल्हापूरला जाऊन नसीमा हुरजूक यांची ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ बघून आली होती. 1984 साली सुरू झालेली ती संस्था, आणि ती उभी केली व्हीलचेअरवर बसणाऱ्या बाईंनी. ‘आपल्याकडे एवढे होणार नाही, पण यातले थोडे तरी व्हायला हवे,’ असे ठरवून ही मंडळी परतली आणि कामाला लागली.

आता मुद्द्याचे. दिव्यांग मुलांना 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क 2016 च्या कायद्याने दिला आहे. शाळेत असेपर्यंत मूल कोणाच्या तरी नजरेत असते. शाळा सुटली की घरात बसते. भावाचे लग्न होते, बहीण सासरी जाते, आणि हा मुलगा किंवा ही मुलगी ओसरीवर बसून असते. आई-वडील साठीला टेकले की घरात एकच प्रश्न उरतो, आमच्या मागे याचे कसे होणार? हा प्रश्न आमच्या कार्यालयात इतक्या आयांनी विचारला आहे की केंद्राचे सगळे काम आता त्याच्याभोवतीच चालते.

कायद्याने दिलेले पुष्कळ आहे, पण ते घरापर्यंत पोहोचत नाही. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते 21 झाले. थॅलेसेमिया, सिकल सेल, हिमोफिलिया, ॲसिड हल्ल्याने आलेले व्यंग, शिकण्यातली अडचण, हेही त्यात आले. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा अधिक असेल तर सरकारी नोकऱ्यांत किमान 4 टक्के आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत, शिवाय तिथल्या प्रवेशाला वयात 5 वर्षांची सूट आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र, देशभर चालते, त्यामुळे बेळगावात काढलेले कार्ड कोल्हापूर-पुण्याला शिकायला गेलेल्या मुलालाही उपयोगी पडते. सीमाभागातल्या आपल्या मुलांना याची केवढी गरज आहे! ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी ‘निरामय’ आरोग्य विमा आहे, वर्षाला 1 लाखापर्यंतचा. याच चार प्रकारांतले मूल 18 वर्षांचे झाले की त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमून घेता येतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून. आई-वडिलांच्या पश्चात बँकेचे खाते, घराचा वाटा, उपचारांची संमती, सगळे यावर अडते. तरीही बहुतेक घरांना हे आमच्या केंद्रात आल्यावरच कळते. प्रत्येक ग्रामपंचायतीला ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता असतो, हेसुद्धा अनेकांना ठाऊक नसते.

अर्ज कन्नडमध्ये असतात. इथली ती राजभाषा आहे आणि भाषेबद्दल आमची काही तक्रार नाही. पण जांबोटीच्या बाजूची एखादी आई पहाटेची बस धरून, मुलाला पाठुंगळीला घेऊन सिव्हिल हॉस्पिटलमध्ये येते, कागद हातात पडतो, तो वाचता येत नाही, आणि ‘पुढच्या बुधवारी या’ एवढेच तिला समजते. तिचा तो दिवस गेला, मजुरी गेली. हे थांबावे म्हणून दर शनिवारी आपल्याकडे अर्ज भरून देण्याचा वर्ग चालतो, आणि तो चालवतात एक कन्नडभाषक निवृत्त मास्तर. बसभाडेसुद्धा घेत नाहीत. ब्रेलच्या वर्गालाही त्यांचीच मदत होते. भारती ब्रेलमध्ये मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ यांचे ठिपके एकच आहेत, त्यामुळे आपली अंध मुले दोन्ही भाषांची पुस्तके चाचपून वाचायला लवकर शिकतात. पाहायला अवश्य या.

आणखी काय पाहायला मिळेल तेही सांगतो. संगणक शिकणाऱ्या मुली-मुलांचे टेबल खिडकीशी आहे. तिथे एनव्हीडीए नावाच्या मोफत सॉफ्टवेअरवर अंध मुले संगणक शिकतात. यंत्र वाचून दाखवते ते इतक्या वेगाने की आपल्याला एक शब्द कळत नाही, आणि ही मुले त्याच वेगात चूक पकडून मागे जाऊन दुरुस्त करतात. दुसऱ्या टेबलावर कुंद्याचे बॉक्स घडवले जातात. सपाट पुठ्ठा, चार घड्या, दोन कान आत, झाकण. सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका मुलाला चौथी घडी जमत नव्हती. आमच्या शिक्षिकेने टेबलाला लाकडी पट्टी ठोकली, पुठ्ठा तिला टेकवला की हात हलला तरी कागद हलत नाही. आता त्याचे बॉक्स मिठाईवाले वेगळे मोजून घेतात, कारण कोपरे सरळ असतात. केंद्रात शिकलेली काही कर्णबधिर मुले उद्यमबागेत आणि मच्छ्याला मशीन शॉपमध्ये तपासणीच्या टेबलावर आहेत. मालक म्हणतात, व्हर्नियर (माप घेण्याचे साधन) यांच्या हातात दिला की माल परत येत नाही. एक मुलगा रोज संध्याकाळी गोळाफेकीचा सराव करतो. सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारींनी 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळवल्यापासून त्याला घरी बसवणे कोणाला शक्य झालेले नाही.

थोडे मनातलेही लिहितो. गेल्या वर्षी लेखनिक, म्हणजे परीक्षेत दिव्यांग मुलांचा पेपर लिहून देणारे, हवेत म्हणून पत्रक काढले, महाविद्यालयांत वाटले, समाजमाध्यमांवर फिरवले. अंगठे पुष्कळ आले, माणसे बोटांवर मोजण्याइतकी आली. पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) परीक्षेला एका मुलीचा लेखनिक सकाळी नऊ वाजता ‘जमत नाही’ म्हणाला, तेव्हा आमच्या एका कार्यकर्तीच्या भाचीने आपली शिकवणी सोडून धाव घेतली म्हणून पेपर लिहिला गेला. जागतिक दिव्यांग दिनी, 3 डिसेंबरला, फळे आणि बिस्किटे घेऊन मंडळी येतात. त्यांचा आम्ही मानच ठेवतो. पण पंचवीस वर्षांच्या तरुणाला काम हवे असते, आणि उरलेल्या वर्षभरात त्याच्याकडे कोणी फिरकत नाही याचे वाईट वाटते. आपल्या भागात मराठीसाठी, मराठी माणसासाठी एवढे लोक रस्त्यावर येतात, ही मुलेही त्याच मराठी माणसांची आहेत, एवढेच सांगायचे आहे.

गरज अशी : खानापूर रोडच्या बाजूला तळमजल्याची जागा ठरली आहे, अनामत भरायची आहे. जोते 2 फूट उंच आहे. व्हीलचेअरसाठी 1 फुटाला 12 फूट उतार धरावा लागतो, म्हणजे 24 फुटांचा रॅम्प, दोन्ही बाजूंना कठडा. स्वच्छतागृहाचे दार 3 फुटांचे करायचे आहे, आत धरायला दांड्या. गवंडी, सुतार, फॅब्रिकेटर यांनी मजुरी किंवा साहित्य दिले तरी ती देणगीच आहे. चालू स्थितीतले जुने लॅपटॉप हवेत (बंद पडलेले कृपया देऊ नयेत, दुरुस्ती परवडत नाही). खानापूर आणि किणये बाजूच्या मुलांची ने-आण करायला दर महिन्याला 500 रुपये देणारे पालक-देणगीदार हवेत. लेखनिकांसाठी नावे नोंदवावीत. दिव्यांग परीक्षार्थीला तासाला 20 मिनिटे जादा मिळतात, तेवढा वेळ थांबण्याची तयारी हवी, आणि लेखनिकाच्या शिक्षणाचे नियम परीक्षेप्रमाणे बदलतात ते कार्यालयात समजावले जातील. कन्नड लिहिता-वाचता येणारे, सिव्हिलला सोबत जाऊ शकणारे, यांची फार गरज आहे. कारखानदार व दुकानदारांनी कामाची ऑर्डर किंवा नोकरी द्यावी. मंडळाला 80जी, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची मान्यता, आहे; 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम चेक किंवा यूपीआयने द्यावी. खाते क्रमांक व क्यूआर कोड पावतीपुस्तकावर आणि कार्यालयातच आहे, फिरत्या मेसेजमधल्या क्रमांकावर पैसे पाठवू नयेत. पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. कार्यालय संध्याकाळी 5 ते 8, रविवारी बंद. रक्कम शक्यतो दिवाळीपूर्वी, कारण अनामतीची मुदत तोपर्यंतच आहे.

आपले नम्र,
सचिव व कार्यकारिणी

ता. क. सामान हलवायला टेम्पो आणि चार-पाच धडधाकट माणसे एका रविवारी लागतील. शिलाई मशीन व ब्रेलचे जड ग्रंथ आहेत. ज्यांना येता येईल त्यांनी खजिनदारांकडे आधी कळवावे, जेवणाची सोय महिला मंडळाने घेतली आहे.