आईचे म्हणणे खरे निघाले

बंगळूर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दिवाळीत खानापूरच्या घरी आपण ओळीने तीन रात्री 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही चित्रपट पाहिले आणि शेवटच्या रात्री तुम्हा दोघांत जो वाद पेटला, त्याचा निवाडा पुस्तक पाहून करीन, असे मी कबूल करून आले होते. १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघालेली टोल्किनची ती कादंबरी ऑफिसच्या बसमध्ये रोज थोडी थोडी वाचत परवा संपवली. आई, तुझे म्हणणे खरे निघाले.

फ्रोडो एक घातक अंगठी नष्ट करायला निघालेला, सॅम त्याचा इमानी सोबती, आणि गॉलम त्या अंगठीच्या लोभाने झपाटलेला त्यांचा वाटाड्या. चित्रपटात उंच कड्यावरच्या त्या अरुंद पायऱ्यांवर गॉलम रोट्या खाली फेकून देतो, चुरा झोपलेल्या सॅमच्या अंगावर टाकतो, आणि रोट्या सॅमनेच खाल्ल्या हे त्याचे म्हणणे फ्रोडो खरे मानून सॅमला घरी परत जायला सांगतो. सॅम रडत पायऱ्या उतरू लागला, तेव्हा तू पणत्यांच्या वाती वळता वळता थांबून म्हणालीस, "असा सोडून जाईल होय तो? काय तरीच!" बाबा, तुम्ही त्यावर म्हणालात की मूळ पुस्तकात असल्याशिवाय एवढा मोठा दिग्दर्शक असले काही घालणार नाही. पुस्तकात हा प्रसंग मुळीच नाही. तेथे फ्रोडो सॅमला कधीच हाकलत नाही आणि पुढे जाळे विणून बसलेल्या त्या राक्षसी कोळी-मादीच्या बोगद्यात दोघे बरोबरच शिरतात. पुस्तकाचे एक पानही न वाचता केवळ त्या माणसाच्या स्वभावावरून आईने खोटी जागा नेमकी ओळखली, याचे मला फार नवल वाटले.

मात्र त्याच पायऱ्यांवर टोल्किनने जे लिहिले आहे, ते चित्रपटात नाही, आणि माझ्या मते साऱ्या कादंबरीतली ती सर्वांत हळवी जागा आहे. सॅमच्या मांडीवर डोके ठेवून फ्रोडो झोपलेला असतो आणि बसल्या बसल्या सॅमचाही डोळा लागलेला असतो. गॉलम परत येतो, दोघांकडे पाहत राहतो, आणि थरथरता हात पुढे करून फ्रोडोच्या गुडघ्याला हलकेच स्पर्श करतो. क्षणभर तो केवळ एक थकलेला, एकटा पडलेला म्हातारा दिसतो. तेवढ्यात सॅम जागा होतो आणि काही वाईट हेतू असणार असे समजून त्याच्यावर खेकसतो. गॉलम सुधारण्याची ती घडी तिथेच हुकते. म्हणजे पुस्तकात त्या क्षणी कोणाच्या मनात कपट नसताना, एका भल्या माणसाच्या संशयाने घात होतो. चित्रपटाने त्याऐवजी चोरी, आळ आणि भांडण घातले, जे पडद्यावर चटकन कळते, पण पुढे मनात रेंगाळत नाही.

बाबा, तुम्ही कॉलेजात असताना पहिलाच खंड वाचला होता, म्हणून त्यातला रानात राहणारा टॉम बॉम्बाडिल चित्रपटातून गाळल्याचा तुम्हाला एवढा राग. त्यात मी तुमच्या बाजूने नाही. तो गाणी म्हणत येतो आणि जातो. कथा त्याच्यावाचून अडत नाही. डोंगरामागून डोंगरावर इशाऱ्याच्या आगी पेटत जाण्याचा प्रसंग पुस्तकात थोडक्यात आटोपतो, तो दिग्दर्शक पीटर जॅक्सनने असा काही फुलवला की तुम्हीसुद्धा राजहंसगडाची आठवण काढून गप्प बसलात. तिसऱ्या भागाला अकरा ऑस्कर मिळाली, ती मला जास्त वाटत नाहीत.

माझी खरी तक्रार शेवटाविषयी आहे आणि ती तुम्हालाही पटेल. चित्रपटात फ्रोडो, सॅम आणि त्यांचे दोन सोबती असे चौघे मित्र शायरला, म्हणजे आपल्या मुलखात, परततात तेव्हा गाव होते तसेच हिरवेगार असते. कादंबरीत तसे नाही. सारुमान या दुष्ट जादूगाराच्या माणसांनी गावाचा ताबा घेतलेला असतो, झाडे तोडलेली, जुन्या गिरणीच्या जागी धूर ओकणारी नवी गिरणी आणि जागोजागी नियमांच्या पाट्या. ज्यांनी जग वाचवले, त्यांना आपल्याच गल्लीसाठी पुन्हा लढावे लागते. नंतर सॅम एल्फ लोकांच्या गॅलाड्रिएल या स्वामिनीने प्रवासात भेट दिलेली माती कणकण गावभर टाकत रोपे लावत हिंडतो. हे वाचताना मला रस्ता रुंद करताना गेलेला आपला फणस आठवला, आणि तुम्ही मला फोनवर ते आठवडाभर सांगितलेच नव्हते, तेही आठवले. चित्रपट आधीच तीन तासांहून लांब झाला होता, हे मला समजते. तरी काही लढाया कापून एवढे ठेवायला हवे होते.

शिमग्याला येताना तिसरा खंड घेऊन येते. बाबा, अक्षर बारीक आहे, म्हणून रात्री जेवणानंतर मीच मोठ्याने वाचून मराठीत सांगत जाईन. आई, त्या पायऱ्यांवर तुझा सॅम चुकला की नाही, याचा विचार करून ठेव. मला तो चुकला असे वाटते, पण तुझ्यासमोर तसे म्हणायला मी थोडी कचरते आहे.

तुमची,
धाकटी