विमान कंपनीचा शेअर 'स्वस्त' म्हणण्याआधी

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

'अमुक विमान कंपनीचा पी/ई ८, क्षेत्राचा सरासरी पी/ई १२, म्हणजे शेअर स्वस्त' अशा अर्थाची विधाने निकालांच्या हंगामात अर्थपानांवर हमखास छापून येतात. पी/ई म्हणजे शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर नफा. आकडे बहुधा बरोबर असतात, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. पी/ई हे माप साबण किंवा औषधे विकणाऱ्या कंपनीला जितके लागू पडते तितके विमान कंपनीला पडत नाही. छोटा गुंतवणूकदार अशा एका ओळीवर विसंबून पैसे घालतो, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

मुख्य अडचण विमानांच्या भाडेपट्ट्याची आहे. काही कंपन्या विमाने विकत घेतात, काही आठ-बारा वर्षांच्या पट्ट्याने घेतात. पट्ट्याचे देणे हे कर्जच असते, कारण प्रवासी असोत वा नसोत, हप्ता चुकत नाही. पी/ईमध्ये मात्र हे देणे कुठेच दिसत नाही. त्यात फक्त शेअरचा भाव आणि प्रतिशेअर नफा असतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सर्व आकडे कोटींत आहेत, चलन कोणतेही धरा. 'अ' कंपनीचे बाजारमूल्य २,०००, निव्वळ नफा २५०, म्हणजे पी/ई ८. 'ब'चे बाजारमूल्य ३,८४०, नफा ३२०, पी/ई १२. आता ताळेबंद उघडा. 'अ'वर बँकांचे कर्ज ५०० आणि भाडेपट्ट्याचे देणे ४,५०० आहे, हातातली रोकड १,५००. म्हणजे निव्वळ देणे ३,५००. ते बाजारमूल्यात मिळवले की संपूर्ण धंद्याची किंमत, म्हणजे एंटरप्राइझ व्हॅल्यू, ५,५०० होते. 'ब'वर कर्ज १,०००, पट्ट्याचे देणे १,०००, रोकड १,५००. निव्वळ देणे फक्त ५०० आणि धंद्याची किंमत ४,३४०. व्याज, कर, घसारा आणि विमानभाडे यांपैकी काहीही वजा करण्याआधीच्या नफ्याला या व्यवसायात एबिट्डार म्हणतात. तो 'अ'चा १,००० आणि 'ब'चा ९०० धरू. भागाकार केला की 'अ' ५.५ पट आणि 'ब' सुमारे ४.८ पट. पी/ईने स्वस्त ठरवलेली कंपनीच महाग निघाली.

आता दोन्हींचा एबिट्डार १० टक्क्यांनी घटला आणि बाजाराने पट तोच ठेवला असे समजा. 'अ'च्या धंद्याची किंमत ४,९५० होईल. देणे ३,५०० तसेच राहील, भागधारकांच्या वाट्याला १,४५० उरतील. शेअर साडेसत्तावीस टक्के खाली. 'ब'ची घसरण जेमतेम ११ टक्के. 'अ'चा पी/ई ८ असण्याचे कारण इथे सापडते. बाजार त्या कंपनीकडे दुर्लक्ष करत नाही, तो वाढीव जोखमीचा मोबदला मागत आहे.

रोकड वजा करतानाही हात आखडता हवा. विमान कंपनीकडची बरीच रोकड आगाऊ विकलेल्या तिकिटांची असते. उड्डाण झालेले नसते, इंधन भरायचे असते, आणि उड्डाण रद्द झाले तर परतावा द्यायचा असतो. वरच्या 'अ'च्या १,५०० पैकी ९०० अशा तिकिटांचे असतील तर मोकळी रोकड ६०० च उरते आणि पट ५.५ वरून ६.४ वर जातो. हा आकडा ताळेबंदात चालू देण्यांखाली 'अनर्जित महसूल' किंवा तत्सम नावाने सापडतो. २०२० मध्ये विमाने जमिनीवर आली तेव्हा परताव्यांच्या रांगेने अनेक कंपन्यांची रोकड कशी आटली, हे साऱ्या जगाने पाहिले.

इथे हिशेबाच्या नियमांचा एक सापळा आहे आणि त्यात अनुभवी मंडळीही अडकतात. १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या आयएफआरएस १६ या आंतरराष्ट्रीय हिशेब-नियमानुसार भाडे खर्चातून जवळजवळ नाहीसे होते. त्याच्या जागी घसारा आणि व्याज येते. त्यामुळे एबिट्डा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) आपोआप फुगतो, धंदा मात्र तसूभरही बदललेला नसतो. अमेरिकी नियमांत ऑपरेटिंग पट्ट्याचे देणे ताळेबंदात दिसते, पण भाडे परिचालन खर्चातच राहते. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या कंपनीचा एबिट्डा शेजारी ठेवला तर एकाच्या आकड्यात भाडे वजा झालेले असते, दुसऱ्याच्या आकड्यात नसते. उपाय सोपा आहे: अमेरिकी कंपनीच्या एबिट्डात वार्षिक भाडे परत मिळवा आणि पट्ट्याचे देणे दोघांच्याही कर्जात धरा. २०१९ पूर्वीचे आकडे तपासायचे असतील तर वार्षिक भाड्याला ७ किंवा ८ ने गुणून देणे अंदाजायची जुनी रीत आहे. ती ढोबळ आहे, पण देणे शून्य धरण्यापेक्षा कितीतरी बरी. बारा महिन्यांपर्यंतचे पट्टे आणि उड्डाणाच्या तासांवर ठरणारे भाडे मात्र आयएफआरएसमध्येही बहुधा देण्यात येत नाही, खर्चातच राहते. त्यासाठी ताळेबंदाच्या टीपा वाचाव्याच लागतात.

नफ्याचा आकडाही जसाच्या तसा घेऊ नये. डेल्टा एअर लाइन्सने २०१३ साठी सुमारे साडेदहा अब्ज डॉलर निव्वळ नफा दाखवला. त्यातले सुमारे आठ अब्ज जुन्या तोट्यांवरची करसवलत पुढे वापरता येईल असे धरून, तिच्याविरुद्ध केलेली तरतूद उलटवल्यामुळे आलेले होते, त्यात रोख काही नव्हते. पुढच्या वर्षी, २०१४ मध्ये, हिशेबी नफा ६५.९ कोटी डॉलर होता. २०१३ च्या नफ्यावर काढलेला पी/ई पाहून कुणी शेअर मातीमोल समजला असता, आणि २०१४ च्या नफ्यावरचा पाहून अवाच्या सवा महाग. दोन्ही निष्कर्ष चुकीचे ठरले असते. अशा रकमा बाजूला काढल्याशिवाय पी/ई मांडूच नये. विमान विकून तेच भाड्याने परत घेण्याच्या व्यवहारातला नफा, इंजिन उत्पादकाकडून मिळालेली भरपाई आणि परकीय चलनातल्या देण्यांचे पुनर्मूल्यांकन हे त्यातले नेहमीचे पाहुणे.

या शेवटच्या बाबीविषयी आमचे मत थोडे वेगळे आहे. विमानांचे पट्टे बहुतेक डॉलरमध्ये असतात. स्थानिक चलन घसरले की तिमाहीअखेर देणे वाढते आणि तोटा दिसतो. विमान वापरण्याचा हक्क मात्र ताळेबंदात जुन्याच विनिमय दराने पडून राहतो. विश्लेषक हा तोटा 'केवळ कागदी' म्हणून वगळतात. एका तिमाहीचा कल पाहण्यासाठी तो वगळावा, हे मान्य. पण मूल्यांकन करताना वगळू नये, कारण पुढचे हप्ते त्याच महागलेल्या डॉलरने भरायचे आहेत. कंपनीच्या महसुलापैकी किती हिस्सा डॉलरमध्ये येतो, हे त्यासोबत पाहिले पाहिजे.

आता 'क्षेत्राची सरासरी' या शब्दांकडे वळू. तीन कंपन्या घ्या. बाजारमूल्ये १,०००, १,४०० आणि ६००. नफा अनुक्रमे १००, १०० आणि उणे ८०. पहिल्या दोघींचे पी/ई १० आणि १४. तिसरीचा पी/ई निघतच नाही, म्हणून ती यादीतून गळते आणि सरासरी १२ छापली जाते. तिघींचे एकूण बाजारमूल्य ३,००० ला एकूण नफा १२० ने भागा, क्षेत्राचा पी/ई २५ येतो. तोट्यातल्या कंपन्या वगळून काढलेली सरासरी हे क्षेत्राचे चित्र नव्हे. एखाद्या निर्देशांकात विमान कंपन्यांसोबत विमानतळ आणि मालवाहतूक कंपन्या असतील तर तुलना आणखी बिघडते. विमानतळाचे शुल्क बहुधा नियामक ठरवतो आणि त्याचे उत्पन्न स्थिर असते. त्याचा पट विमान कंपनीला लावण्यात अर्थ नाही. आणि निर्देशांकात एकाच कंपनीचे वजन निम्म्याहून जास्त असेल तर ती कंपनी क्षेत्राशी ताडून पाहणे म्हणजे तिची तिच्याशीच तुलना.

तेजी-मंदीच्या चक्राचा मुद्दाही इथेच येतो. मागणी जोरात, इंधन स्वस्त, नफा शिखरावर असतो तेव्हा पी/ई सर्वांत कमी दिसतो आणि नेमका तोच काळ धोक्याचा असतो. म्हणून किमान पाच-सात वर्षांच्या सरासरी परिचालन मार्जिनवर (महसुलातला परिचालन नफ्याचा टक्का) आजचा महसूल लावून 'मधल्या' नफ्याचा अंदाज घ्यावा. एका तिमाहीचा नफा चारने गुणण्याची चूक तर टाळावीच. उत्तर गोलार्धातल्या कंपन्यांचा मोठा नफा जुलै-सप्टेंबरमध्ये येतो, हिवाळ्याच्या तिमाहीत अनेक कंपन्या तोट्यात असतात.

भावाच्या मागे धंदा कसा आहे, हे प्रतिआसन-किलोमीटर खर्चातून कळते. १८० आसनांचे विमान १,००० किलोमीटर उडाले की १,८०,००० आसन-किलोमीटर क्षमता तयार झाली. एकूण खर्चाला तिने भागले की जो आकडा येतो, त्याला कास्क म्हणतात. दोन कंपन्यांचा कास्क थेट ताडू नये. लांब पल्ल्याच्या उड्डाणात चढणे, उतरणे, विमानतळ शुल्क यांचा खर्च जास्त किलोमीटरवर वाटला जातो, त्यामुळे आकडा आपोआप लहान दिसतो. प्रचलित दुरुस्ती वर्गमुळाची आहे. एका कंपनीचा कास्क ५ सेंट, सरासरी उड्डाण १,६०० किलोमीटर. दुसरीचा ६ सेंट, सरासरी उड्डाण ९०० किलोमीटर. पहिलीचा आकडा ९०० वर आणायचा तर १,६०० भागिले ९०० चे वर्गमूळ, म्हणजे १.३३, त्याने गुणा. ६.६७ सेंट येतात. काटकसरी कंपनी दुसरी निघाली. ही तुलना इंधन धरून आणि इंधन वगळून अशी दोनदा करावी. इंधनाचा भाव व्यवस्थापनाच्या हातात नसतो, बाकीचा बराच खर्च असतो.

कास्कला प्रतिप्रवासी-किलोमीटर उत्पन्नाने भागले की ना-नफा-ना-तोटा आसनभराई मिळते. खर्च ६, उत्पन्न ७.५ असेल तर ८० टक्के. आयएटीए या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये जगभरची सरासरी आसनभराई ८३.५ टक्के होती. म्हणजे उदाहरणातली कंपनी जगाच्या सरासरीइतकी भरली तरी तिच्या हाती साडेतीन टक्क्यांचीच फट आहे. मालवाहतूक आणि सामान-आसन शुल्काचे उत्पन्न ही फट वाढवते.

एवढ्या अरुंद फटीमुळेच इंधन निर्णायक ठरते. आपल्या 'अ'चा वार्षिक महसूल ६,००० आणि इंधन खर्च १,८०० धरा. इंधन १० टक्क्यांनी महागले आणि तिकिटांचे दर वाढवता आले नाहीत तर १८० गेले. करपूर्व नफा ३३० असेल तर निम्म्याहून अधिक साफ. इथे कच्च्या तेलाचा भाव पाहून भागत नाही. विमान जेट इंधनावर उडते आणि दोन्हींच्या भावातले अंतर, म्हणजे क्रॅक स्प्रेड, २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर प्रचंड रुंदावले होते. हेजिंग केले, म्हणजे इंधनाचा भाव करारांनी आधीच बांधून ठेवला, की कंपनी सुरक्षित, असेही नाही. कॅथे पॅसिफिक २०१६ मध्ये तोट्यात गेली, त्यात चढ्या भावाने आधीच बांधलेल्या इंधन करारांचा वाटा मोठा होता. किती टक्के इंधन, कोणत्या भावाला, किती महिन्यांसाठी बांधले आहे, हे वार्षिक अहवालात शोधावे.

शेअरच्या भावाच्या आलेखाविषयीही विनंती आहे. संकटात विमान कंपन्या नवे शेअर काढतात आणि जुन्या भागधारकाचा हिस्सा पातळ होतो. २०२० मध्ये जर्मन सरकारने लुफ्तान्सातला २० टक्के हिस्सा प्रतिशेअर २.५६ युरोने घेतला. अमेरिकेत सरकारी मदतीच्या बदल्यात कंपन्यांना वॉरंट, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचे हक्क, द्यावे लागले. त्यामुळे 'भाव २०१९ च्या पातळीच्या निम्म्यावर' हे वाक्य पुरेसे नाही. शेअरची संख्या दुप्पट झाली असेल तर बाजारमूल्य पूर्वीइतकेच आहे आणि कर्ज वाढलेले असेल तर धंद्याची किंमत पूर्वीपेक्षा जास्त आहे. एअर फ्रान्स-केएलएमने २०२३ मध्ये दहा शेअरचा एक शेअर केला. अशा बदलांसाठी दुरुस्त न केलेला आलेख एका रात्रीत दसपट उडी दाखवेल.

जागेची मर्यादा आम्ही जाणतो. विमान कंपन्यांच्या निकालाच्या चौकटीत पी/ईशेजारी चार रकाने वाढवता आले तर पाहावे: पट्ट्यांसह निव्वळ देणे, एंटरप्राइझ व्हॅल्यू भागिले एबिट्डार, इंधनाविना कास्क आणि सरासरी उड्डाण-अंतर. आकडे कोणत्या हिशेबी नियमांनुसार आहेत आणि आलेखातला भाव दुरुस्त केलेला आहे की नाही, याची एका ओळीची तळटीप खाली असावी.

आपले,
विमान वाहतूक क्षेत्राच्या शेअरचा अभ्यास करणारे काही वाचक