बाबा, अंडीपुंज पाठवू नका

ती. बाबांना साष्टांग नमस्कार,

रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "तुझ्याकडं एवढी झाडं आहेत, तर थोडे अंडीपुंज कुणाबरोबर पाठवतो, तिथं टसर रेशमाचा कोसा लाव." तेवढ्यात तुमची रेंज गेली आणि माझं उत्तर राहून गेलं. ते फोनवर सांगून झालंही नसतं. बाबा, अंडीपुंज पाठवू नका. कुणाच्या बॅगेत गुपचूप टाकूही नका. (मी तुम्हाला ओळखते.)

एक तर कोसा इथं अमेरिकेत आहेच, म्हणजे त्याचा चुलतभाऊ, रेशमाचाच एक पतंग. नाव पॉलिफिमस. शास्त्रीय नावातला पहिला शब्द दोघांचाही एकच, अँथेरिया. पंखांवर तसेच गोल डोळे, अळी तशीच हिरवीगार, बोटापेक्षा जाड. हिला डिवचलं की तोंडानं कटकट आवाज करते. आपला कोसा फांदीला देठ बांधून लटकतो. हा स्वतःला पानात गुंडाळून घेतो, आणि पानगळीत पुष्कळदा पानासकट खाली पडतो. मग उंदीर आणि खारी खातात, म्हणून मी ते वेचून जाळीच्या पेटीत ठेवते. पेटी बाहेर थंडीतच ठेवावी लागते. घरात आणली तर पाखरू अवेळी बाहेर येतं आणि बाहेर बर्फ. वर्षाला पीक एकच.

जूनमध्ये एक मादी निघाली. तिला पिंजऱ्यात घालून ओसरीवर टांगलं, आणि रात्री कुठून कुठून नर आले, पिसासारख्या मिशा घेऊन. सकाळी मादी किराण्याच्या कागदी पिशवीत ठेवली. अंडी कागदालाच चिकटवते, मग कात्रीनं तुकडे कापायचे. या पाखरांना तोंडच नसतं, आठवडाभरात आटोपतात, हे तुम्हाला काय सांगायचं.

पुढं राखण. तुम्ही पक्षी हाकायला गुलेल घेऊन दिवसभर ऐनाच्या झाडाखाली उभे राहायचात. मला नोकरीमुळं ते जमत नाही, म्हणून ओकच्या फांदीवर बारीक जाळीची लांब पिशवी चढवून दोन्ही टोकं बांधते. यंदा पिशव्यांत ७० अळ्या सोडल्या, कोसे मिळाले ५८. गंमत म्हणून ४० अळ्या उघड्या फांदीवर ठेवल्या होत्या. कोसे ३. काही पक्ष्यांनी नेल्या, पण कितीतरी अळ्या पानावरच मऊ पडल्या आणि त्यांच्यातून माशीचे किडे निघाले. मला लगेच तुमच्याकडची, कोशाच्या अळ्या अशाच मारणारी उझी माशी आठवली.

पण ही माशी इथली नाही, आणि इथंच तुमच्या अंडीपुंजांची गोष्ट येते.

बॉस्टनजवळ मेडफर्ड म्हणून गाव आहे, आमच्यापासून दोन तासांवर. १८६० च्या सुमारास तिथं ट्रुव्हेलो नावाचा एक फ्रेंच माणूस राहायचा. त्यानं रेशमासाठी हाच पॉलिफिमस पाळला. पाच एकर झाडोऱ्यावर जाळं टाकलं होतं आणि आत दहा लाख अळ्या, असं त्यानं लिहून ठेवलंय. बाबा, दहा लाख! राखणीला किती माणसं लागली असती याचा हिशेब तुम्हीच करा. एवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. १८६८-६९ मध्ये त्यानं युरोपातून दुसऱ्याच एका पतंगाची अंडी आणली आणि त्यातले काही निसटले. त्यांची प्रजा आजही इथली ओकची जंगलं उन्हाळ्यात खराट्यासारखी करून टाकते. तो मात्र नंतर किडे सोडून आकाशातल्या ग्रहताऱ्यांची चित्रं काढू लागला आणि पुढं फ्रान्सला परत गेला.

त्या पतंगाला मारायला सरकारनं १९०६ मध्ये युरोपातून ही माशी आणून सोडली. पतंगाची वर्षाला एक पिढी, माशीच्या तीन-चार. मग उरलेल्या पिढ्यांनी खायचं काय? जे मिळेल ते. ती जिवंत किडाच अळीच्या पोटात सोडते. सेक्रोपिया म्हणून इथला सगळ्यात मोठा पतंग आहे, कोशाच्याच घराण्यातला. त्याच्या अळ्या याच राज्यात झाडांवर ठेवून पाहिल्या, तेव्हा शंभरातल्या ८१ अळ्यांत ही माशी निघाली. हे २००० साली छापून आलंय.

म्हणजे एका माणसानं हौसेनं चार अंडी आणली आणि दीडशे वर्षांनी मी फांद्यांना पिशव्या बांधत बसलेय. आता आपल्या घरची अंडी मी कोणत्या तोंडानं मागवू? शिवाय परवान्याशिवाय आणली तर गुन्हा आहे, ते वेगळंच.

काय मिळतं, असं तुम्ही विचारलंत. पैसे शून्य. जाळीला खर्चच होतो. पाखरं निघाली की संध्याकाळी सोडून देते. आपल्याकडं पाखरू निघालं की कोसा वाया गेला म्हणायचे आणि तो घीचाला, म्हणजे फुटक्या कोशांतून हातानं ओढायच्या सुताला जायचा. माझ्याकडं सगळा घीचाच! असे २३ फुटके कोसे जमलेत. सोड्याच्या पाण्यात उकळून ठेवलेत, पण सूत ओढताना सारखं तुटतंय. यूट्यूबवर पाहून जमत नाही. या रविवारी आईला व्हिडिओ कॉलवर बसवा आणि फोन तिच्या मांडीशी धरा, तोंडाशी नको. सूत वळताना तिचा हात कसा फिरतो तेवढंच मला बघायचंय.

तुमची लाडकी,
सुमा