'इन्क्रीसिंग फ्रीक्वेन्सी' जरा जपून

संपादक महाशय,

हल्ली रिपोर्ट म्हणा, ऑफिसचे मेल म्हणा, 'विथ इन्क्रीसिंग फ्रीक्वेन्सी' हा प्रयोग जिथे तिथे दिसतो आणि निम्म्या ठिकाणी तो चुकलेला असतो, म्हणून हे पत्र.

मुळात हा प्रयोग करायचा कधी, तर एखादी गोष्ट परत परत घडतेय आणि दोन वेळांमधलं अंतर कमी कमी होत चाललंय तेव्हा. समजा मशीन जानेवारीत 2 वेळा बंद पडलं, फेब्रुवारीत 5 आणि मार्चमध्ये 9 वेळा, तर 'द मशीन इज ब्रेकिंग डाउन विथ इन्क्रीसिंग फ्रीक्वेन्सी' एकदम बरोबर. पण गेल्या वर्षी महिन्याला 2 वेळा आणि यंदा दर महिन्याला 5 वेळा, तेही सगळे महिने सारखेच, मग वाढ एकदाच होऊन थांबली ना, तिथे साधं 'मोअर ऑफन दॅन लास्ट यिअर' लिहा की! आणि जी गोष्ट मोजताच येत नाही, म्हणजे माहिती असणं, मालकीचं असणं, तिला फ्रीक्वेन्सी कुठली आलीय? किंमत चढत चाललीय तर 'इन्क्रीसिंगली हाय' म्हणा, तिथे फ्रीक्वेन्सीचा काही संबंध नाही.

दुसरी भानगड 'विथ'ची. काहीजण तिथे 'बाय' टाकतात, त्याने अर्थच फिरतो, फ्रीक्वेन्सी वाढवून काहीतरी साधलं असं होतं (बस जास्त वेळा सोडून गर्दी कमी केली वगैरे, तिथे 'बाय' ठीकच). आणि 'मोअर अँड मोअर विथ इन्क्रीसिंग फ्रीक्वेन्सी' किंवा 'इन्क्रीसिंगली मोअर ऑफन' हे तर दुधात साखर नाही, साखरेत साखर झालं, एकच काहीतरी ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ 'मोअर ऑफन दॅन नॉट'चा. त्यात 'मोअर' दिसतं म्हणून लोक वाढ समजतात, पण त्याचा अर्थ नुसता 'बहुतेक वेळा', वाढतंय की घटतंय याबद्दल तो काहीच बोलत नाही. 'ट्रेन्स आर लेट मोअर ऑफन दॅन नॉट' असं लिहिलं तर गाड्या सहसा उशिरा येतात एवढंच कळतं, उशीर वाढलाय असं नाही, आणि तक्रारअर्जात हा फरक चांगलाच महागात पडू शकतो कारण समोरचा म्हणणार, हे तर पहिल्यापासूनच असंय.

माझं विचाराल तर दहातल्या आठ वेळा 'मोअर अँड मोअर ऑफन' पुरतं. भारदस्त वाटत नाही खरं, पण वाचणाऱ्याला लगेच समजतं. तुमच्या इंग्रजीच्या सदरात यावर एकदा सविस्तर येऊ द्या.

आपला,
एक नियमित वाचक