बाळाची कार सीट घेऊन जा, पण आधी गाडीत बसवून बघू

पुणे, रविवार दुपार

प्रिय मंदार,

येणाऱ्या बाळासाठी कार सीट कुठली घ्यावी असं परवा फोनवर तू विचारलंस आणि तेवढ्यात तुझी मीटिंग सुरू झाली, म्हणून आता बैजवार लिहितो. आमच्या ओवीची लहानपणची हवी असेल तर खुशाल ने. माळ्यावर धूळ खात पडली आहे. तळाला बनवल्याची तारीख आणि वापरायची मुदत आहे, ती संपायला अजून अवकाश आहे. सीट कधी अपघातात सापडलेली नाही. तान्ह्या बाळासाठीची आतली गादी आणि माहितीपुस्तिका, दोन्ही जागेवर आहेत. हे सगळं मला ठाऊक आहे म्हणून देतोय. अनोळखी माणसाकडची वापरलेली सीट फुकट मिळाली तरी घेऊ नकोस. जोराची धडक सोसलेल्या सीटच्या प्लास्टिकला आतून चीर गेलेली असू शकते, आणि वरचं कापड धुऊन लावलं की कुणाच्या बापाला कळत नाही.

'ने' म्हणालो खरा, पण ती तुझ्या गाडीत बसेल की नाही ते आधी बघायला हवं. तू पाठवलेली नव्या सीटांची यादी बघितली. मृणालने रंगांपुढे तारेसुद्धा काढलेत! रंग, कापड, झोक्यासारखी डुलते की नाही, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न तुझ्या गाडीचा मागचा पट्टा किती लांब आहे हा. तान्ह्या बाळाची सीट उलटी लावतात, म्हणजे बाळाचं तोंड डिकीकडे. पट्ट्याचा कमरेचा भाग बाळाच्या पायांवरून दोन्ही बाजूंच्या निळ्या खाचांतून घ्यायचा आणि खांद्याचा भाग सीटच्या पाठीमागून अख्खा वळसा घालून आणायचा. या वळशाला पट्टा भरपूर लागतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो बकलपासून चार बोटं आधीच संपतो. मग दुकानदार म्हणतो, 'साहेब, वाढीव पट्टा जोडून देतो.' तो जोडून घेऊ नकोस. पट्टा पुरत नसेल तर ती सीट त्या गाडीची नव्हे, विषय संपला. मागे मधल्या जागेवर नुसता कमरेचा पट्टा असेल तर तीही जागा बाद, या सीटला तीन टोकांचा पट्टा लागतो. आणि पुढच्या सीटचा विचारही नको. समोरची एअरबॅग उघडली की थेट बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते.

तू आयसोफिक्सचं, म्हणजे पट्ट्याऐवजी गाडीतल्या कड्यांना सीट अडकवायच्या सोयीचं विचारलंस. सीटची पाठ आणि बैठक मिळतात त्या फटीत हात घालून बघ, दोन लोखंडी कड्या लागल्या तर तुझ्या गाडीत सोय आहे. कार सीटचे दोन दांडे त्यांत खट्ट करून अडकतात. त्यामुळे बसवताना चूक व्हायची शक्यता फार कमी होते, म्हणून लोक त्याचं कौतुक करतात. पण पट्ट्याने नीट आवळून लावलेली सीट काही कमअस्सल नसते. शिवाय तुमचा मामला दोन गाड्यांचा आहे. बाळाचे पहिले महिने कोल्हापुरात सासरेबुवांच्या गाडीत जाणार, मग नाशिकला तुझ्या. अशा वेळी पट्ट्याने लागणारी, हँडलची हलकी सीटच बरी. टॅक्सीतही तीच चालते. गाडीच्या तळावर टेकणारा टेकूचा पाय असलेली भारी सीट घेतलीस तर सासऱ्यांच्या गाडीत पायाखालच्या जागेत सामानाचा कप्पा आहे का तेही बघावं लागेल, कारण पोकळ झाकणावर तो पाय टेकवायचा नसतो.

नवीच घ्यायची ठरली तर मागच्या नारंगी लेबलवर गोलातला 'ई' शोध, ती सुरक्षा नियमाच्या मंजुरीची खूण. त्यावर आर ४४/०४ असेल तर ती जुन्या, वजनावर चालणाऱ्या नियमाची. तान्ह्यांच्या गटाला १३ किलोपर्यंत चालते. आर १२९ असेल तर नवा नियम. तो उंचीवर चालतो, त्यात बाजूने बसणाऱ्या धडकेचीही चाचणी असते आणि निदान १५ महिन्यांपर्यंत बाळ उलटंच बसवायचं असतं. आमची सीट जुन्या नियमातली आहे, हे आधीच सांगतो. बजेट असेल तर आर १२९ घे, मला राग येणार नाही.

उलटं बसवण्यावरून तुझ्याकडे वाद होणार हे गृहीत धर. 'बाळाला काही दिसत नाही' हे पहिलं वाक्य असतं. तान्ह्याचं डोकं अंगाच्या मानाने केवढं मोठं! अख्ख्या लांबीचा जवळजवळ चौथा हिस्सा. आणि मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. तोंड पुढे करून बसवलेल्या बाळाचं धड पट्टे अडवतात, डोकं मात्र पुढे झेपावतं, आणि सगळा हिसका मानेवर येतो. उलटं असेल तर पाठ, मान, डोकं सगळं एकदम कवचात दाबलं जातं. स्वीडनच्या बर्टिल आल्डमन या डॉक्टरांना ही कल्पना जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचली. १९६४ मध्ये त्यांनी पहिली उलटी सीट करून पाहिली. स्वीडनमध्ये आजही मुलं चार वर्षांची होईपर्यंत उलटी बसतात. ओवी दोन वर्षांची होईस्तोवर पाय दुमडून उलटीच बसायची, त्याने काही बिघडलं नाही.

खरी लढाई आहे ती मांडीची. काकू म्हणतीलच, 'मी घट्ट धरीन की!' त्यांना हिशोब सांग. ताशी ५० चा वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. गाडी धडकली आणि अर्ध्या मीटरच्या आत सगळं थांबलं, तर चार किलोचं बाळ हातातून ऐंशी किलोंच्या जोराने सुटतं. ऐंशी किलो कोण धरणार? तू तरी धरशील का? आणि आपल्या पट्ट्यातच बाळाला घेऊन बसणं तर त्याहून वाईट, मधे बाळ चेपतं. माझ्या आईला मी हे सगळं सांगितलं, तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, 'तुम्हाला मांडीवरच आणलं होतं.' यावर वाद घालत बसू नकोस. मी तिला सीटच्या शेजारची जागा दिली आणि बाळाकडे बघायचं काम सोपवलं. मान पुढे पडतेय का, दुपटं तोंडावर येतंय का, हे तिच्याइतकं बारकाईने कुणीच बघितलं नाही.

कुंचीचं मात्र आधीच बोलून ठेव. दवाखान्यातून निघताना कुंची, त्यावर दुपटं, त्यावर शाल अशी पुडी करून बाळ हातात देतात. त्या पुडीला पट्टे लागतच नाहीत, कारण मधला पट्टा दोन पायांमधून यायला हवा. बाळ साध्या झबल्यात आणि लंगोटात ठेवायचं, पाय मोकळे. पट्टे आवळायचे आणि मग वरून दुपटं पांघरायचं. कुंचीचा पाठीवरचा घोळ खाली गोळा होतो आणि मान पुढे ढकलतो. मोहरीच्या उशीचंही तेच. डोक्याला आकार यायला म्हणून ती घरात ठेवा हवी तर, सीटमध्ये नको. सीटबरोबर आलेली गादी सोडून आत दुसरं काही घालायचं नाही.

पट्टे किती आवळायचे ते हाताने कळतं. खांद्याचे पट्टे ज्या खाचांतून येतात त्या बाळाच्या खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खाली हव्यात. बकल लावलं की पुढची दोरी ओढायची, आणि गळपट्टीच्या हाडावर पट्टा दोन बोटांच्या चिमटीत धरायचा प्रयत्न करायचा. चिमटीत घडी आली तर अजून ओढायचं. बोटं नुसती घसरली तर झालं. सीट गाडीत बसवताना मी एका हाताने तिच्यावर भार टाकतो, दुसऱ्याने पट्टा खेचतो, आणि मग पट्टा जातो तिथेच धरून हलवतो. इंचभराहून जास्त हलली तर पुन्हा पहिल्यापासून. कलही बघ. बाजूला बहुतेक खूण असते, ती जमिनीला समांतर यायला हवी. सीट फार उभी झाली की झोपेत हनुवटी छातीला टेकते आणि बाळाचा श्वास कोंडतो. मान न धरलेल्या बाळाला ती वर उचलता येत नाही.

म्हणूनच म्हणतो, कोल्हापूरहून नाशिकला यायची घाई करू नका. सव्वा महिना झाला की लगेच निघायचं असं काकूंच्या मनात असेल, पण बाळाने मान धरल्यावर, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आणलंत तर जास्त बरं. साडेचारशे किलोमीटर एका दमात नकोच. कराडला थांबा, साताऱ्याला थांबा, बाळाला बाहेर काढून आडवं करा, दूध द्या. थोड्या मोठ्या बाळालाही सलग दोन तासांच्या वर सीटमध्ये ठेवू नये म्हणतात, तान्ह्यासाठी त्याहून बरंच कमी. खंबाटकीत रडायला लागलं तर गाडी चालू असताना पट्टा सोडून मांडीवर घ्यायचं नाही, घाट उतरून थांबायचं. मृणालला हे अवघड जाईल, मलाही गेलं. घरी पोचल्यावर झोपलंय म्हणून सीटमध्येच ठेवायचं नाही, पाळण्यात घालायचं.

उन्हाळा लागला तर बकल हाताने चाचपून मगच लाव, धातू चांगलाच भाजतो. आणि दंडाचं म्हणशील, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय वा अशा सीटशिवाय गाडीत असेल तर हजार रुपये दंड आहे. पावती फाडलेली मी तरी कुठे बघितली नाही. दंडाची भीती काकूंना घालू नकोस, हसतील.

मृणालला सोडायला सातव्या महिन्यात पुण्यावरूनच जाशील ना? मग मुक्काम आमच्याकडे. सकाळी निघायच्या आधी तुझ्या गाडीत सीट लावून बघू. पट्टा पुरला तर तीच कोल्हापूरला घेऊन जा, सासऱ्यांच्या गाडीतही लावून बघ आणि मला फोटो पाठव, निळ्या खाचा दिसतील असा. नाही पुरला तर लक्ष्मी रोडवर जाऊ, पण गाडी घेऊनच. जो दुकानदार सीट खाली आणून गाडीत लावून दाखवायला नाही म्हणेल, त्याच्याकडून घ्यायची नाही. येताना नाशिकचा चिवडा आण, ओवीने सांगितलंय.

तुझा,
निखिल