मडगावहून परतल्यावर

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी गाडी सुटली, तरी मी बराच वेळ फलाटावरच होतो. चवथीच्या दिवशी, गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली, मी तसं बोलायला नको होतं. आजी माझ्याशी अजून बोलत नाही.

एम.टेक.चं पीएच.डी.त बदलून घेतेस म्हणालीस आणि मी पहिलं काय विचारलं, तर नोकरी. स्टायपेंड महिन्याला १२,४०० चा ३७,००० होईल हे तू समजावलंस. पण तो पगार नव्हे गो. पुढे काय? तुझा विषय अप्लाइड मेकॅनिक्स म्हटलं की वाड्यावर विचारतात, गॅरेज घालणार काय? मेकॅनिकलचीच राहिली असतीस तर शिपयार्डात... जाऊ दे. हा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलो होतो.

सहावीत असताना तू डबा घेऊन वर्कशॉपात आलेलीस, आठवतं? खाणीचा माल नेणाऱ्या बार्जच्या हॅचच्या, म्हणजे माल भरायच्या तोंडाच्या, कोपऱ्यात भेग गेली होती आणि मी तिच्या टोकाला ड्रिल मारत होतो. तू विचारलंस, फुटलंय तिथे आणखी भोक कशाला? मी म्हटलं, वस्ताद असंच करायचे. खरं उत्तर गेल्या वर्षी तूच फोनवर दिलंस: टोक जितकं अणकुचीदार, तितका तिथे ताण एकवटतो, गोल भोकाने तो पसरतो. इतकी वर्षं मी भोकं पाडली, त्याचं कारण पोरीने सांगितलं. त्या रात्री तुझ्या आईला तीनदा ऐकवलं.

५ जुलै १९८६ ला पणजीचा मांडवीवरचा पूल पडला, तेव्हा मी नुकताच कामाला लागलो होतो. पुढे किती वर्षं फेरीबोटीने ये-जा. पूल जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा, वरून धड. काँक्रीटच्या आतल्या तारा गंजलेल्या. तू शिकतेस ते असल्याच कामाचं, एवढं मला कळतं.

पण २०१२ ला खाणी बंद झाल्या, बार्जी नांगरून पडल्या, आणि हातात कसब असून मी घरी बसलो. ते तू पाहिलंयस. म्हणून तोंडातून तेच येतं. उपदेश झाला, माफ कर.

फराळाच्या नेवऱ्या बॅगेच्या खालच्या कप्प्यात आहेत, मैत्रिणींना दे.

आणि एक. चेन्नईत तरमणीला, तुझ्या कॅम्पसजवळच, स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगचं सरकारी संशोधन केंद्र आहे म्हणे. काल रात्री मोबाइलवर शोधलं. तिथे पीएच.डी.वाल्यांना घेतात का, तेवढं विचारून ठेव. रागावू नकोस.

तुझा,
बाबा